पाचपाखाडीतला तिसरा मजला: राहायला जाण्याआधी काय संपवलं, काय मागे ठेवलं

ठाण्यात पाचपाखाडीला १९८९ साली बांधलेली, तळमजला अधिक चार मजल्यांची एक इमारत आहे. लिफ्ट नाही. तिथला तिसऱ्या मजल्यावरचा ६१० चौरस फूट कार्पेटचा टू बीएचके फेब्रुवारी २०२५ मध्ये एका कुटुंबाने रिसेलमध्ये घेतला. घरात चौघं: नोकरी करणारे नवरा-बायको, पाचवीत जाणारी मुलगी आणि नवऱ्याची आई, जिला जुना दमा आहे. राहत होते खारेगावला भाड्याने. भाडं ३४ हजार, त्यात नव्या घराचा हप्ता सुरू झालेला, आणि भाडेकरार ३१ मेला संपणारा. घरमालकाने १५ जूनपासून दुसरा भाडेकरू ठरवूनही टाकला होता. त्यामुळे बहुतेक जण ठरवतात तेच यांनीही ठरवलं. जे काय करायचं ते एकदाच करून घ्यायचं आणि तयार घरात राहायला जायचं, राहत्या घरात फोडाफोडी नको.

बेत चांगलाच होता. फक्त ‘काम पूर्ण’ म्हणजे नेमकं काय काय, हे कुठे लिहिलेलं नव्हतं. कंत्राटदाराचं कोटेशन साडेतेरा लाखांचं, दीड पानाचं, आणि त्यात तारीख एकच: एप्रिलअखेर ताबा.

मी सिव्हिल इंजिनिअर आहे. हल्ली नव्या इमारतींपेक्षा अशा जुन्या फ्लॅटच्या कामांवर देखरेखच जास्त करतो. मला बोलावलं ते गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी. तक्रार अशी काही नव्हती. “काम जोरात चाललंय, पण आम्हाला ते पुढे सरकतंय असं वाटत नाही,” असं घर घेतलेल्या बाई म्हणाल्या. घर पाहिल्यावर त्यांचं म्हणणं लगेच पटलं. हॉलमध्ये पीओपीचं सीलिंग पूर्ण झालेलं. मोठ्या बेडरूममध्ये सुतारांनी भिंतभर कपाटाचा सांगाडा उभा केलेला, तोही नेमका बाथरूमला लागून असलेल्या भिंतीला. वायरिंगसाठी भिंतींना अर्ध्याच झाऱ्या, म्हणजे खाचा, मारलेल्या. आणि दोन्ही बाथरूम आणि स्वयंपाकघर जसंच्या तसं, जुन्या मालकाच्या गुलाबी टाइल्ससकट.

कारण विचारलं तर साधं होतं. बाथरूमच्या टाइल्स घरच्यांच्या पसंत होत नव्हत्या. घोडबंदर रोडवरच्या दुकानांत दर रविवारी फेरी व्हायची, एक डिझाइन दोघांना आवडायचं, ते स्टॉकमध्ये नसायचं, गुजरातेत टाइल्स बनतात त्या मोरबीहून यायला दोन-तीन आठवडे लागतील म्हणून सांगायचे, आणि मग परत पहिल्यापासून. तोवर कामगार बसवून ठेवायचे कसे, म्हणून कंत्राटदाराने सुतार घातले. त्याला मी लबाड म्हणणार नाही. सुतारकाम डोळ्यांना दिसतं, मालक खूश होतो आणि पुढची उचल सहज मिळते. स्लॅबपर्यंत खणलेलं बाथरूम पाहून कुणी खूश होऊन चेक देत नाही. पैशांचे टप्पेही तसेच ठरलेले: काम सुरू होताना ३० टक्के, ‘फर्निचर सुरू झाल्यावर’ आणखी ३० टक्के. म्हणजे साठ टक्के पैसे गेले होते आणि घरात पाण्याची एकही नवी लाइन नव्हती.

जुन्या घराच्या कामाचा क्रम पाणी ठरवतं, आपली सोय नव्हे. आधी सगळी तोडफोड आणि राबिट, म्हणजे फोडलेल्याचा कचरा, खाली नेणं. मग भिंतीत आणि जमिनीत जाणारं सगळं, म्हणजे पाइप आणि वायर. मग ओलं काम: वॉटरप्रूफिंग, कोबा (लादीखालची भर), गिलावा, लादी. त्यानंतर वाळू द्यायचं, आणि हाच टप्पा कुणाच्याही वेळापत्रकात नसतो. सुतार आणि रंगारी त्याच्या पुढे. ओल असलेल्या घरात प्लाय आणला की तो ओल पितो, आणि ओल्या गिलाव्यावर पुट्टी मारली की वर्षभरात फुगे येतात. साध्या सिमेंटच्या कामाला किमान सात दिवस पाणी मारावं लागतं, आणि नवा गिलावा रंगाला योग्य व्हायला साधारण चार आठवडे धरतात. त्यात ‘अर्जंट आहे’ म्हणून काही कमी होत नाही.

म्हणून पहिल्याच आठवड्यात सुतार थांबवले. हा निर्णय घरच्यांना जड गेला, कारण दिसणारं एकमेव काम तेच होतं. टाइल्सचा प्रश्न बाईंनी एका दुपारी सोडवला: त्या दिवशी दुकानात जे स्टॉकमध्ये आहे त्यातूनच निवडायचं, आणि प्रत्येक डिझाइनची एक पेटी जास्त घेऊन ठेवायची. ती जादा पेटी पुढे कामाला आली.

बाथरूम फोडायला घेतली आणि खरं प्रकरण तिथे सुरू झालं. दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या काकूंनी हातोड्याचा आवाज ऐकला आणि वर आल्या. भांडायला नव्हे. म्हणाल्या, “फोडताच आहात तर आधी आमच्याकडे येऊन वर बघा.” त्यांच्या बाथरूमच्या छतावरचं प्लास्टर दोन ठिकाणी सुटलेलं होतं आणि आतलं लोखंड दिसत होतं, गंजून पापुद्रे निघालेलं. हे एका पावसाळ्याचं काम नव्हे. वर्षानुवर्षं वरच्या नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे जमिनीतल्या सांडपाण्याच्या तोंडाच्या, कडेने पाणी स्लॅबमध्ये मुरत होतं. लोखंडापेक्षा गंजाला जागा कितीतरी जास्त लागते, त्यामुळे तो भोवतालचं काँक्रीट आतून फोडून काढतो. खालून कितीही वेळा प्लास्टर केलं तरी ते पडणारच. काकूंनी ते दोनदा केलेलं होतं.

जुन्या मालकाला हे माहीत होतं का? सोसायटीच्या दफ्तरात उत्तर होतं. इमारत तीस वर्षांपुढची असल्याने दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करावं लागतं. सोसायट्यांच्या नियमावलीत, म्हणजे आदर्श उपविधींतच, ते आहे. शेवटच्या अहवालात या फ्लॅटचा नंबर देऊन ‘टॉयलेट स्लॅबमध्ये गळती, तातडीने दुरुस्ती’ असं लिहिलेलं होतं. घर घेताना यांनी सोसायटीची एनओसी, शेअर सर्टिफिकेट, थकबाकी नसल्याचा दाखला, सगळं मागितलं होतं. ऑडिटचा अहवाल मागावा हे एजंटानेही सुचवलं नाही आणि बँकेनेही विचारलं नाही. जुन्या इमारतीत रिसेल घेताना हा कागद मागण्यात संकोच कसला? सेक्रेटरी देत नसतील तर तीही एक माहितीच.

मग खर्च कुणाचा, यावर कमिटीच्या दोन बैठका झाल्या. सेक्रेटरींचं म्हणणं, उपविधींप्रमाणे संडास-बाथरूम-सिंकची आतली गळती सभासदाने स्वतःच्या खर्चाने थांबवायची. बरोबर आहे. आमचं म्हणणं, गळती आम्ही थांबवतो, पण स्लॅबचं लोखंड हा इमारतीच्या सांगाड्याचा भाग आहे आणि नोंद तुमच्याच ऑडिटात आहे. हेही बरोबर. आवाज न चढता तोडगा निघाला, याचं श्रेय मी काकूंना देतो. त्यांनी बैठकीत एवढंच विचारलं की माझ्या डोक्यावर पडल्यावर ठरवणार आहात का. वरून वॉटरप्रूफिंग नव्या मालकाने करायचं, खालून स्लॅबची दुरुस्ती सोसायटीच्या दुरुस्ती निधीतून, आणि दोन्हीवर देखरेख एकाच माणसाची, असं ठरलं. खालचं काम म्हणजे सुटं काँक्रीट ठोकून काढणं, लोखंड घासून गंज काढणं, गंजरोधक लेप आणि वर पॉलिमर मिसळलेल्या मॉर्टरचे थर. त्यासाठी काकूंचं बाथरूम काही दिवस बंद राहिलं. तेवढे दिवस त्या शेजारच्या ब्लॉकमध्ये अंघोळीला जात होत्या, आणि त्याची आठवण अधूनमधून करून देत होत्या.

कंत्राटदाराच्या हिशेबात एक बाथरूम सात दिवसांचं होतं. माझ्या हिशेबात तीन आठवडे, तेही मिस्त्री रोज आला तर. जुन्या बाथरूमचा स्लॅब खोलगट असतो आणि त्यात विटांच्या तुकड्यांचा कोबा भरलेला असतो. तो सगळा उपसून स्लॅब उघडा करायचा, नुसत्या वरच्या टाइल्स काढून वर नव्या चिकटवायच्या नाहीत. मग ड्रेनेजच्या लाइन आणि नहाणी ट्रॅप बसवायचे, पाइप स्लॅबमधून जातो तिथली पोकळी न आकसणाऱ्या ग्राउटने (पातळ सिमेंट मसाल्याने) भरायची, भिंत-जमिनीच्या कोपऱ्याला वाटा काढायचा, म्हणजे मसाल्याने गोलाई द्यायची, आणि वॉटरप्रूफिंगचे दोन हात, भिंतीवर फूटभर चढवून. शॉवरकडच्या भिंतीला डोक्याच्या उंचीपर्यंत. त्यानंतर पाणी भरून ठेवायचं.

ही पाण्याची चाचणी बहुतेक ठिकाणी नावापुरती होते. संध्याकाळी पाणी सोडतात, सकाळी खालचे ‘काही दिसत नाही’ म्हणाले की लगेच काढतात. आम्ही ४८ तास ठेवलं. ट्रॅपच्या तोंडाला बोळा लावून वर प्लास्टरचा थर दिला, दीड-दोन इंच पाणी भरलं, चारही भिंतींवर पाण्याच्या पातळीला पेन्सिलीने रेघ मारली. त्याच बाथरूमच्या कोपऱ्यात पाण्याने भरलेली एक बादली ठेवली आणि तिच्यावरही आतून रेघ मारली. मे महिन्यात थोडं पाणी नुसतं हवेतच उडून जातं. बादलीत जेवढं उतरेल तेवढं सोडून द्यायचं, जमिनीवर त्याहून जास्त उतरलं तर ते कुठेतरी गेलं.

मोठ्या बेडरूमच्या बाथरूममध्ये दुसऱ्या सकाळी बादलीतलं पाणी जवळपास रेघेवरच होतं आणि भिंतीवरच्या रेघेपासून पाणी अर्धा इंच खाली होतं. काकूंकडचं छत मात्र कोरडं. प्लंबर म्हणाला, स्लॅबने पिलं असेल. स्लॅबवर दोन हात मारलेत, तो पिणार कसा? शोधायला फार लागलं नाही. बेडरूममध्ये कपाटाच्या सांगाड्याची मागची सहा एमएमची प्लाय खालून वीतभर फुगली होती. स्क्रू काढून ती फळी ओढली तर मागच्या भिंतीवर ओलीचा काळा पट्टा, दारापासून कपाटाच्या मध्यापर्यंत. वॉटरप्रूफिंग चारही भिंतींवर चढवलं होतं, पण दाराच्या जागी जुन्या उंबऱ्याला टेकवून थांबवलं होतं. उंबऱ्याखालचा जुना मसाला भुसभुशीत, आणि पाणी तिथून आरामात बेडरूमच्या भिंतीत शिरत होतं.

उंबरा फोडला. त्याच्या खालून लेप बाहेरपर्यंत नेला, दोन्ही बाजूंना चौकटीच्या मागे चढवला, आणि चाचणी पुन्हा घेतली. या वेळी बादली आणि भिंत, दोन्हीकडे सारखंच उतरलं. दुसऱ्या टप्प्याची चाचणी कोबा भरून, ढाळ देऊन त्यावरच्या लेपानंतर घेतली, तीही पास झाली. कपाटाची मागची बाजू नवीन घालावी लागली, आणि खालची फळी. कोटेशनमध्ये प्लायचा प्रकार लिहिलेला नव्हता, आणि सांगाड्यात साधा एमआर ग्रेड, म्हणजे नुसती दमट हवा सोसणारा, वापरलेला निघाला. पाण्याशेजारच्या कपाटाला आणि स्वयंपाकघराला तरी आयएस ७१० चा मरीन प्लाय हवा, हे नंतर लेखी झालं. फरकाचे पैसे मालकांनी दिले, फुगलेल्या प्लायचे कंत्राटदाराने. ही वाटणी न्याय्य होती असं मला आजही वाटतं.

विजेबद्दल थोडक्यात. पस्तीस वर्षांपूर्वीच्या घरात एसी नव्हता, इंडक्शन नव्हतं. आता दोन एसी, दोन गिझर आणि मायक्रोवेव्ह येणार होते. घरातल्या सगळ्या वायरी बदलल्या, गिझर-एसीला प्रत्येकी वेगळी लाइन, बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच. हे सगळं करून खालच्या मीटरकेबिनपासून वर येणारी जुनी बारीक केबल तशीच ठेवली असती तर उपयोग शून्य. ती बदलली आणि महावितरणकडे मंजूर भार वाढवून घेतला. गॅसचा पाइप ओट्याच्या नव्या जागेप्रमाणे दोन फूट सरकवायचा होता. तो आपल्या प्लंबरने हलवायचा नाही, महानगर गॅसच्या अधिकृत माणसांकडूनच करून घ्यायचा, आणि त्याची तारीख त्यांच्या सोयीने मिळते. म्हणून अर्ज ओटा फोडायच्या आधी करावा, बसवल्यावर नव्हे.

मेच्या पहिल्या आठवड्यातच वळीव आला. मग कामगार पांगायला लागले. लादीचा मिस्त्री गावाकडच्या लग्नाला गेला, रंगाऱ्यांपैकी दोघं बकरी ईद करूनच येतो म्हणाले, आणि ती ७ जूनला होती. हे दरवर्षीचं आहे. मे महिन्यात ठाण्यात मनुष्यबळ निम्म्यावर येतं, आणि तरी दर वेळी वेळापत्रक असं आखतात की जणू मे हा फेब्रुवारीच आहे. मुंबईत पाऊस सरासरीने ११ जूनला येतो, त्या हिशेबाने आम्ही बाहेरची दोन कामं मेअखेरीस ठेवली होती: डक्टमधला, म्हणजे इमारतीच्या पाइपांच्या उघड्या चौकातला, बिडाचा जुना सांडपाण्याचा पाइप बदलणं आणि नव्या अ‍ॅल्युमिनिअमच्या खिडक्यांच्या कडा बाहेरून सील करणं. २०२५ चा मान्सून २६ मेला आला, पंचाहत्तर वर्षांत सर्वांत लवकर. पाइप सुदैवाने आठवडाभर आधी झाला होता, कारण दोरीवर उतरून काम करणारी माणसं योगायोगाने शेजारच्या इमारतीत आली होती. खिडक्या राहिल्या होत्या. हॉलच्या खिडकीतून पाणी आत आलं आणि नव्या गिलाव्यावर पसरलं.

आता ३१ मे. त्या आठवड्यातली स्थिती अशी: आतलं छोटं बाथरूम पूर्ण, मोठ्याच्या टाइल्स अर्ध्या, ओटा बसलेला, लादी झालेली, वायरिंग झालेलं, रंग फक्त मागच्या बेडरूमला. कंत्राटदाराचा आग्रह होता की राहायला या. “एक संडास-बाथरूम चालू आहे, गॅस येईल चार दिवसांत. तुम्ही आलात की पोरं पटापट हात चालवतात.” नवऱ्याचाही कल तिकडेच झुकला होता. भाडं वाचणार होतं.

मी विरोधात होतो, आणि कारण हिशेबाचं होतं. सोसायटीत कामाची वेळ दहा ते एक आणि तीन ते सहा, रविवारी बंद. म्हणजे दिवसाचे सहा तास. घरात माणसं आणि सामान असलं की रोज तासभर झाकपाक करण्यात जातो आणि संध्याकाळी तासभर आवराआवरीत. चार तास उरतात. तीन आठवड्यांचं काम पाच आठवड्यांवर जातं, आणि पाचवा आठवडा कधी संपत नाही, कारण मालक आत आल्यावर कंत्राटदाराची चांगली माणसं दुसऱ्या साइटवर जातात. धाक पैशांचा असतो, घरात आपण बसलेले असण्याचा नव्हे. शिवाय आजींचा दमा. पुट्टी घासताना उडणारी धूळ ओल्या फडक्याने पुसली तरी दोन दिवस हवेत राहते, आणि पावसाळ्यात खिडक्या उघड्या टाकता येत नाहीत. फेविकॉल, थिनर, पॉलिश यांचे वास वेगळेच. एक महिन्याचं भाडं वाचवायला त्यांना त्यात झोपवायचं?

बाईंनी तिथे एक प्रश्न विचारला आणि सगळी चर्चा सोपी झाली: “फोडावं लागेल किंवा पाणी लागेल असं आता काय राहिलंय?” आम्ही तेवढीच यादी केली. मोठ्या बाथरूमच्या टाइल्स आणि फिटिंग, बाल्कनीची लादी, खिडक्यांचं सीलिंग, गॅस, आणि पाचवीतल्या मुलीसाठी खिडक्यांची ग्रिल. हे झाल्याशिवाय जायचं नाही. कपाटांची दारं, टीव्ही युनिट, माळ्याचे दरवाजे आणि रंगाचा शेवटचा हात नंतर. रंगाबद्दल मी मुद्दामच थांबा म्हटलं. पावसाळ्याच्या हवेत भिंत बाहेरून सुकी लागते आणि आत ओली असते. प्रायमर आणि एक हात मारून ठेवायचा, दुसरा दसऱ्यानंतर.

आजींचा प्रश्न मुहूर्ताचा होता. ६ जुलैला आषाढी एकादशी, मग चातुर्मास, वास्तुशांत लांबणार. गुरुजींनी तो सोडवला. मेअखेरीच्या एका चांगल्या दिवशी कलश ठेवून पूजा करायची, दूध उतू घालवायचं, आणि वास्तुशांत तुळशीच्या लग्नानंतर. गॅस आला नव्हता म्हणून नव्या ओट्यावर इंडक्शन ठेवून दूध तापवलं. इंडक्शनवर दूध उतू जायला लागलं की शेगडी बंद पडते, हे सगळ्यांना त्या दिवशी कळलं. दुसऱ्यांदा गेलं. पूजा करून मंडळी खारेगावला परत.

घरमालकाने १२ जूनपर्यंत मुदत दिली, अर्ध्या महिन्याच्या भाड्यावर. त्या दिवशी सामान कुठे न्यायचं? गोडाऊनचं भाडं भरण्यापेक्षा मागच्या बेडरूममध्येच रचलं. ती खोली आधी पूर्ण करण्यामागे हाच विचार होता: रंगासकट संपवून, पुसून, सगळं सामान आत ठेवून दाराच्या फटींना टेप लावून बंद केली. चौघं सुटकेस घेऊन डोंबिवलीला मोठ्या भावाकडे गेली. शाळा १६ जूनला उघडणार होती आणि मुलीला डोंबिवलीहून ठाण्याला आणायचं होतं. ९ जूनला मुंब्र्याजवळ गर्दीच्या लोकलमधून पडून प्रवाशांचे मृत्यू झाले होते. त्यानंतर सकाळच्या गाडीत तिला घालायला घरात कुणीच तयार नव्हतं, आणि ते योग्यच होतं. पहिला आठवडा ती नौपाड्यात मैत्रिणीकडे राहिली. ‘तीन आठवडे उशीर’ असं कागदावर लिहिताना ही असली ओढाताण त्यात दिसत नाही, म्हणून सांगितलं.

२२ जूनच्या रविवारी राहायला आले. त्याआधी दोनदा साफसफाई करून घेतली, मध्ये दोन दिवस सोडून, कारण पहिल्या सफाईनंतर हवेतली धूळ परत खाली बसते. राबिटच्या गोण्या तोपर्यंत जिन्याखालून पूर्ण हललेल्या होत्या. इमारतीत लिफ्ट नसल्याने प्रत्येक गोण तीन मजले डोक्यावरून उतरली होती, आणि त्यात दुसऱ्या मजल्यावरच्या पायरीचा एक कोपरा गेला होता.

पैशांची फेररचना एप्रिलमध्येच केली होती. उरलेले ४० टक्के टप्प्यांना बांधले: पाण्याच्या दोन्ही चाचण्या पास झाल्यावर, लादी पूर्ण झाल्यावर, फिटिंग चालू झाल्यावर. शेवटचे दहा टक्के पावसाळा संपल्यावर. कंत्राटदार कुरकुरला, पण मान्य केलं, कारण बदल्यात आम्ही वाढीव काम त्याच्याच दराने लेखी दिलं होतं. ते सव्वादोन लाखांवर गेलं. कुणाला वाढीव खर्चाचं वाईट वाटत असेल तर तुलना करा: हेच बाथरूम राहायला आल्यावर दोन वर्षांनी फोडायचं झालं असतं तर नवं कपाट, नवी लादी आणि काकूंचं छत, तिन्ही परत.

जुलैत छोट्या बाथरूमचं दार फुगून अडकायला लागलं. सुतार रंधा घेऊनच आला होता. त्याला परत पाठवलं. पावसाळ्यात तासलेल्या दाराला हिवाळ्यात बोटभर फट पडते. नोव्हेंबरात ते आपोआप नीट लागायला लागलं. बाल्कनीतल्या दोन टाइल्स ग्रिलवाल्याच्या हातून तडकल्या होत्या, त्या जादा पेटीतून बदलल्या. दसऱ्यानंतर, दिवाळीच्या आधी रंगाचा शेवटचा हात झाला. त्या वेळी हॉलच्या खिडकीखालचा पट्टा मात्र अजून थंड लागत होता, म्हणून तेवढा भाग सोडून रंगवला. तो डिसेंबरात झाला.

ऑक्टोबरअखेर काकूंकडचं छत कंत्राटदारासमोर पाहिलं, कोरडं होतं, आणि त्याचे दहा टक्के त्याच आठवड्यात दिले. सोसायटीने कामासाठी घेतलेलं डिपॉझिट परत केलं, पायरीच्या कोपऱ्याचे तीन हजार कापून. वास्तुशांत तुळशीच्या लग्नानंतर झाली. माळ्याचे दरवाजे अजून बसलेले नाहीत. तिथे सध्या पडदा आहे. आजींना तो बरा वाटतो, बाईंना अजिबात नाही, आणि सुतार ‘पुढच्या सोमवारी येतो’ म्हणतोय.